बिनशर्त

हल, ९ सप्टेंबर २०१८

प्रिय थेल्मा आत्या,

घर सापडलं. होल्डरनेस रोडच्या मागच्या गल्लीत आहे. वर दोन खोल्या, खाली दोन, आणि स्वयंपाकघराच्या मागे आणखी एक छोटी खोली, जिचं काय करायचं ते कोणालाच कळलेलं नाही. आत्ताच्या मालकाने तिथे सायकली ठेवल्यात. किंमत अठ्ठ्याण्णव हजार पौंड. नेव्हने आल्या आल्या गुडघ्यावर बसून गालिच्याची कड उचलून बघितली आणि म्हणाला, खालची फरशी ठीक आहे. घरमालक चक्रावला. मी सांगितलं, हा गालिचे बसवतो, याला दुसरीकडून घर बघताच येत नाही.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगते. कर्ज आमच्या दोघांच्या नावावर काढायचंय. आम्ही पिकर्सगिल नावाच्या एका कर्ज जुळवून देणाऱ्या माणसाकडे गेलो होतो. तो म्हणाला, इतर लोक पाच टक्के स्वतःचे घालतात, तुम्हाला पंधरा घालावे लागतील, कारण तो जुना करार. तुला माहीतच आहे तो: पाच वर्षं दरमहा ठरलेली रक्कम भरायची, उरलेलं देणं माफ, आणि नाव सरकारच्या दिवाळखोरीच्या नोंदवहीत. तो कधीच संपला. नावही नोंदवहीतून गेलं. पण बँकेच्या अर्जात एक प्रश्न असतो, "कधी तरी?" म्हणून. त्या "कधी तरी"ला मुदत नसते.

आमच्याकडे सहा हजार दोनशे आहेत. साडेआठ हजार कमी पडतात. मी मागत नाहीये, फक्त सांगतेय. (मागतेय, आत्या.)

तुझी,
गेनर


ऑल्डब्रो, १३ सप्टेंबर २०१८

गेनर,

मागतेयस तर सरळ माग. कंसात मागणाऱ्यांची मला चीड आहे. चौतीस वर्षं टपाल कार्यालयाच्या खिडकीत काढली, कंसात काय दडवतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

देते. साडेआठ हजार आहेत माझ्याकडे आणि मला त्यांचं काही काम नाही. मला लागतं काय? चहा, कोळसा आणि टपालाची तिकिटं.

पण एक सांगून ठेवते, कारण माझ्याशिवाय तुला हे कोणी सांगणार नाही. तुझ्या त्या नेव्ह ओम्ब्लरपायी तुला पाचाचे पंधरा भरावे लागतायत. २०१२ ची हल फेअरची जत्रा मी विसरलेले नाही. तुमच्या टेबलावर ते लांबट पाकीट पालथं पडलं होतं. मागचा पत्ता मी वाचला. कर्जबुडव्यांची पत्रं हाताळणारी ती कचेरी मला खिडकीतल्या दिवसांपासून माहीत आहे. मी विचारलं, कोणाचं हे? तर त्याने पाकिटावर चहाचा मग ठेवला आणि म्हणाला, माझं. लाज नाही, शरम नाही. बरं, पत्रावर मग ठेवणाऱ्या माणसाकडून आणखी अपेक्षा तरी काय करायची. त्या दिवसापासून तो आला की मी पर्स खुंटीवरून काढून पावाच्या डब्यात ठेवते. तुला वाटत असेल, आत्या पाव फार खाते.

तू मात्र कोणाचा एक पैसा ठेवला नाहीस. लोकरीचं दुकान बंद केलंस ते मनगटामुळे, नाही तर आज हेसल रोडवर तुझी पाटी असती. मी गावभर सांगायचे तुझ्या दुकानाचं. सोबत मनगटाचं मलम पाठवतेय. रात्री लाव आणि फडकं गुंडाळ.

घराकडे सगळं ठीक. समुद्र जमीन खातोय, पण मागच्या दारापासून कड्यापर्यंत अजून बत्तीस पावलं. कपडे हल्ली बहुतेक आतच वाळत घालते, बाहेर वारा फार.

तुझी आत्या,
थेल्मा


हल, २ ऑक्टोबर २०१८

प्रिय आत्या,

काय लिहू? आभार मानले की तू चिडतेस, म्हणून मानत नाही.

आता एक कटकट आहे. बँकेला तुझ्याकडून एक पत्र लागतं. पैसे ही भेट आहे, उसने नाहीत, परत मागणार नाही, त्या घरावर माझा हक्क नाही आणि मी त्या घरात राहणार नाही, एवढंच. पिकर्सगिलने मसुदा दिलाय, चार ओळींचा. खाली सही करून थेट त्यालाच पाठव. त्यात काही घालू नको, आत्या. तुझं अक्षर सुंदर आहे, पण या वेळी फक्त सही.

नेव्हबद्दल एवढं कडवट बोलू नकोस. तो वाईट माणूस नाही. मी तुला हे नीट सांगायला हवं, पण पत्रात जमत नाही. भेटल्यावर बोलू.

तुझी,
गेनर

मलम मिळालं.


ऑल्डब्रो, ९ ऑक्टोबर २०१८

श्री. पिकर्सगिल यांस,

आपला मसुदा पोचला. तो चार ओळींचा आहे. चार ओळींत माणूस फसतो, असा माझा अनुभव आहे, म्हणून मी तो पुन्हा लिहिला.

मी, थेल्मा स्टॅदर्स, वय एकोणऐंशी, माझी भाची गेनर स्टॅदर्स हिला साडेआठ हजार पौंड भेट देत आहे. परत मागणार नाही. घरावर माझा हक्क नाही. त्या घरात मी राहणार नाही, माझं घर मला आहे.

ही भेट गेनरच्या अर्ध्या हिश्शासाठी आहे. श्री. नेव्हिल ओम्ब्लर, ज्यांनी दिवाळखोरीचा करार केला होता आणि ज्यांचं नाव सरकारी नोंदवहीत होतं, त्यांच्या अर्ध्या हिश्शासाठी ती नाही. श्री. ओम्ब्लर घर सोडून गेल्यास त्यांनी गालिचे न्यावेत, मात्र ते त्यांनी स्वतः बसवलेले असावेत. विटांना हात लावू नये. दर ख्रिसमसला त्यांनी नवं कर्ज काढलं नसल्याचं मला लेखी कळवावं. पोस्टकार्ड चालेल.

या पत्राची एक प्रत मी बँकेच्या मुख्य कचेरीलाही रजिस्टर्ड टपालाने पाठवत आहे, म्हणजे आपला त्रास वाचेल.

आपली,
थेल्मा स्टॅदर्स


हल, २४ ऑक्टोबर २०१८

श्रीमती स्टॅदर्स व श्री. ओम्ब्लर यांस,

आपल्या आत्याबाईंचं पत्र मला मिळालं. दुर्दैवाने बँकेलाही मिळालं.

भेटीला अटी घालता येत नाहीत. अट घातली की बँक तिला भेट मानत नाही. पण ही अडचण किरकोळ आहे. मोठी अडचण अशी की, अर्जात आपण लिहिलं आहे की करार श्रीमती गेनर स्टॅदर्स यांनी केला होता आणि श्री. ओम्ब्लर यांच्या नावावर काहीही नाही. आत्याबाईंच्या पत्रात मात्र करार श्री. ओम्ब्लर यांनी केल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे दोघांनीही असे करार केले आणि एक लपवला, असा संशय बँकेला आला आहे. अर्ज थांबवला आहे.

आत्याबाईंनी आधीचं विधान चुकीचं असल्याचं लेखी मान्य करून नवं, बिनशर्त पत्र दिलं, तरच पुढे जाता येईल. घराचे मालक नोव्हेंबर संपेपर्यंत थांबतील. त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे.

एकवीस वर्षांच्या धंद्यात गालिच्यांचा उल्लेख असलेलं भेटपत्र मी प्रथमच पाहिलं.

आपला,
आर. पिकर्सगिल


हल, २६ ऑक्टोबर २०१८

प्रिय आत्या,

हे पत्र बसून वाच.

करार माझा होता. नेव्हने आयुष्यात एक पौंडही उसना घेतलेला नाही. त्याच्याकडे साधं क्रेडिट कार्डसुद्धा नव्हतं. ते आता काढलंय, तेही पिकर्सगिल म्हणाला म्हणून. त्यावर तो दर महिन्याला एक डझन अंडी घेतो आणि दुसऱ्या दिवशी पैसे भरतो.

दुकान चालत नव्हतं, आत्या. पहिल्या वर्षापासूनच चालत नव्हतं. पण तू तुझ्या खिडकीतून सगळ्यांना सांगत होतीस ना, माझ्या भाचीचं दुकान म्हणून. तुझ्या गावच्या बायका बस पकडून यायच्या आणि म्हणायच्या, थेल्माने पाठवलं. मग बंद कसं करू? एका कार्डावरून दुसरं कार्ड, दुसऱ्यावरून तिसरं, असं दोन वर्षं रेटलं. शेवटी तेवीस हजार झाले. माझ्याकडून सगळ्यात जास्त लोकर तू घ्यायचीस, आणि तुला मी निम्म्या भावात द्यायचे.

माझ्या मनगटाला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. कपाटात मलमाच्या एकवीस डब्या आहेत.

त्या दिवशी तू पाकिटाचा मागचा पत्ता वाचलास आणि विचारलंस, तेव्हा माझं तोंड उघडेना. पाकीट सरळ केलं असतंस तर माझं नाव दिसलं असतं. म्हणून नेव्हने त्यावर मग ठेवला. रात्री मी त्याला म्हटलं, हे काय केलंस? तो म्हणाला, "तिला मी आधीच आवडत नाही. तुझं नाव जाईल, माझं काय जाणार?" मी म्हटलं, उद्या सांगते. त्याला सहा वर्षं झाली.

तू पर्स पावाच्या डब्यात ठेवतेस हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. एकदा त्याला खरंच पाव हवा होता. त्याने मागितला नाही.

बँक म्हणतेय, तू नवं पत्र दिलंस तरच घर मिळेल. पण ते तू त्यासाठी देऊ नकोस. द्यायचं नसेल तर देऊ नको. मला फक्त हे तुला सांगायचं होतं, आणि मी बँकेने ढकलल्यावर सांगितलं, याची मला लाज वाटते.

तुझी,
गेनर


ऑल्डब्रो, १२ नोव्हेंबर २०१८

श्री. पिकर्सगिल यांस,

माझ्या ९ ऑक्टोबरच्या पत्रात श्री. नेव्हिल ओम्ब्लर यांच्याबद्दल जे लिहिलं ते खोटं आहे. मला तशी समजूत करून देण्यात आली होती, पण सही माझी आहे, तेव्हा चूकही माझी. त्यांनी कोणाचं काही बुडवलेलं नाही.

साडेआठ हजार पौंड मी गेनर स्टॅदर्स आणि नेव्हिल ओम्ब्लर या दोघांना भेट देत आहे. परत मागणार नाही. घरावर माझा हक्क नाही. मी तिथे राहणार नाही. अट नाही.

थेल्मा स्टॅदर्स

भेटीच्या तीनच ओळी झाल्या. आपल्या मसुद्यात चार होत्या.


ऑल्डब्रो, १२ नोव्हेंबर २०१८

गेनर,

पिकर्सगिलला पाठवलेल्या पत्राची प्रत सोबत आहे. चेक त्याच पाकिटात गेला. आता घराचं बोलू नकोस, दुसरं ऐक.

दोन आठवडे मी तुला लिहिलं नाही, कारण जे लिहायचे ते फाडावं लागत होतं. दुकान बुडालं याचा मला राग नाही. दुकानं बुडतात. माझं टपाल कार्यालयही बंदच झालं, आणि ते तर सरकारचं होतं. तू मला सांगितलं नाहीस याचाही फारसा नाही. मीच तुझी पाटी गावभर मिरवली, मग तू तरी कोणत्या तोंडाने सांगणार होतीस.

पण एका भल्या माणसासमोर मी सहा वर्षं पर्स पावाच्या डब्यात ठेवली आणि तू ते बघत बसलीस. दर ख्रिसमसला मी त्याला रुमाल दिले, तीनचा संच, सर्वांत स्वस्त, मुद्दाम किमतीची चिठ्ठी न काढता. तो दर वेळी आभाराचं पत्र पाठवायचा. मी ती पत्रं वाचून म्हणायचे, बघा कसा गोडबोल्या आहे. मला माझीच शिसारी येते आणि त्यात तुझाही वाटा आहे. तो तुला मी माफ करीन, पण आज नाही.

मलमाच्या डब्या परत पाठव. माझे गुडघे दुखतात.

त्याला सांग, माझी पन्हळ गळतेय. शिडी शेडमध्ये आहे. त्याला वेळ असेल तर.

बत्तीस पावलं.

थेल्मा


हल, १४ जानेवारी २०१९

आदरणीय श्रीमती स्टॅदर्स,

मला पत्रं लिहिण्याची सवय नाही. रुमालांचीच काय ती लिहिली.

पन्हळ आता गळणार नाही. मधला जोड सुटला होता.

गेनरने तुम्हाला कळवलंच असेल, डिसेंबरात बँकेने होकार दिला. १५ फेब्रुवारीला किल्ली मिळेल.

पन्हळ लावायला आलो तेव्हा मी तुमचं थोडं मोजमाप घेतलं. धंद्याची सवय आहे, टेप खिशात असतो. मागच्या दारापासून कड्यापर्यंत नऊ मीटर चाळीस सेंटिमीटर भरलं. तुम्ही गेनरला बत्तीस पावलं लिहिता. म्हणजे एक पाऊल साधारण एकोणतीस सेंटिमीटरचं झालं. दाराजवळ तुमचे बूट होते, तेही मोजले. एकोणतीस भरले. यावरून मला असं दिसतं की तुम्ही एका बुटाला दुसरा बूट टेकवून मोजता. मागच्या ईस्टरला तुम्ही बत्तीस लिहिलं होतं, त्याच्या आदल्या ईस्टरलाही बत्तीसच. कपडे वाळत घालायचा खांब ऑगस्टात मी स्वतः पाहिला होता. आता तो तिथे नाही.

तुम्ही चहा करत होतात तेव्हा घड्याळ बंद दिसलं, म्हणून मी बॅटरी बदलली. मागून कौन्सिलचं पत्र पडलं. ते उघडंच होतं. मी वाचलं. कडा फार जवळ आलाय, म्हणून ३१ मार्चपर्यंत घर रिकामं करायचं, मग ते पाडणार. पत्राच्या कडेला तुम्ही पेन्सिलीने सामान हलवायचा खर्च आणि कुठल्या तरी खोलीचं भाडं मांडलं होतं. बेरीज साडेआठ हजारांच्या जवळ जाते.

हे मी गेनरला त्या दिवशी सांगितलं नाही. मला सवय आहे. पण त्या सवयीतून काय होतं ते आपण तिघांनी बघितलंय, म्हणून दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं. ती तासभर रडली आणि मग मागच्या खोलीतून सायकली कधी निघतील, ते विचारायला घरमालकाकडे गेली.

तुम्ही तिथे राहणार नाही, असं तुमच्या पत्रात लिहिलंय, त्यामुळे पिकर्सगिलला पुन्हा विचारावं लागलं. फोनवर त्याने कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, त्यासाठी बँकेचा वेगळा कागद असतो. घरात कर्जदारांशिवाय कोणी मोठं माणूस राहणार असेल तर त्याने सही करायची, की बँकेच्या हक्काआड मी येणार नाही. त्याने बँकेला विचारलं. बँकेने आठवडा घेतला आणि चालेल म्हणाली. कागद सोबत आहे. तुमचं नाव मी लिहिलंय. जिथे फुली मारलीय तिथे सही करा. साक्षीदार म्हणून शेजारचं कोणी चालेल, शेजारी अजून असतील तर.

खोली तीन मीटर वीस बाय दोन मीटर ऐंशी आहे. खिडकी अंगणाकडे. तिथून समुद्र दिसत नाही, हे आधीच सांगतो. गालिचा मी बसवीन. लोकरीचा हवा की साधा, आणि कोणत्या रंगाचा, ते कळवा.

तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. हे गेनरने लिहायला सांगितलेलं नाही.

आपला,
नेव्हिल ओम्ब्लर


ऑल्डब्रो, १७ जानेवारी २०१९

नेव्हिल,

दुसऱ्याच्या घड्याळामागचं पत्र वाचणं हा गुन्हा आहे. मी खिडकीत असते तर तुझी तक्रार केली असती.

तुझा कागद मी दोनदा वाचला. नंतर चहा केला आणि तिसऱ्यांदा वाचला. अट घालायला कुठे जागाच नाही त्यावर. मी उलटून मागेही बघितलं. सही केली. साक्षीला समोरच्या घरची बाई मिळाली, ती पण पुढच्या महिन्यात जातेय. पाकीट बंद करून त्याच्यावर वजन म्हणून चहाचा मग ठेवलाय. बघ, मीही ठेवला.

पैसे दिले तेव्हा मी काही त्याग वगैरे करत नव्हते. मला वाटलं होतं, आणखी दोन वर्षं निघतील. मग नोव्हेंबरात एका रात्री खांब गेला, तारेसकट, तिच्यावर माझी चांगली उशीची खोळ होती. सकाळी मी दारात उभी राहिले आणि मला भीती वाटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. कौन्सिलचं पत्र आलं ते त्यानंतर. कोणाला सांगायचं? तुझ्याबद्दल जे लिहिलं होतं ते लिहून झाल्यावर तुमच्याच दारात बोचकं घेऊन कशी येणार होते मी? म्हणून बूट टेकवून टेकवून मोजत राहिले. गेनर माझी भाची कशी, ते तुला आता कळलं असेल.

आज सरळ मोजलं, माणसं चालतात तसं. तेरा भरली.

गालिचा साधा चालेल. लोकरीचं मी खूप घेतलंय आयुष्यात. रंग हिरवा, गडद, कोळशाचे डाग दिसणार नाहीत असा. समुद्राची काळजी करू नकोस. तो मी पुरेसा बघितला.

किल्ली मिळाली की दुसऱ्या दिवशी, शनिवारी, व्हॅन घेऊन ये. कपाट जड आहे, ते आधी काढू. मी शेडमध्ये असले तर दार उघडंच असेल, आत ये आणि किटली ठेव. पाव डब्यात आहे, घे. डब्यात आता दुसरं काही नसतं.

पर्स खुंटीवर आहे.

तुझी,
थेल्मा आत्या